एकोणीस नंबरच्या बरणीतली चीर

माझ्या भाचीने तिसरा अर्ज आणून टेबलावर ठेवला, तेव्हा मी डुकराच्या फुप्फुसाचं पाणी बदलत होते. हातात कोपरापर्यंत रबरी मोजे, नाकात फॉर्मलिन, डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि ही बया समोर अर्ज घेऊन उभी. छापील, सहीसकट, वर 'प्रति', खाली 'आपली विश्वासू'. सख्ख्या मावशीला. दर रविवारी माझ्याच पलंगावर आडवी होऊन माझीच उशी पळवणारी मुलगी ही.

"घरी सांगितलं असतंस तर चाललं नसतं?" मी म्हटलं.

"घरी सांगितलं की तू विषय बदलतेस," ती म्हणाली. "कागदाचं तसं नाही करता येत."

अर्जात मागणी तीच, जी पहिल्या दोन अर्जांत होती. बरणी नंबर एकोणीस, ओरांगउटान, उजवं फुप्फुस. वरच्या चिरेच्या काठाचा नखाएवढा तुकडा मायक्रोस्कोपखाली बघायला हवा. मी एक मोजा काढला आणि तिथल्या तिथे 'नामंजूर' लिहिलं. कारण: प्रदर्शनातल्या नमुन्याला पातं लावायचं नाही, असा संग्रहालयाचा नियम आहे. नियम मीच केलेला होता, पण नियम तो नियम.

आमच्या घरात तिला सगळे चौकशी म्हणतात. चार वर्षांची असताना तिने माझ्या नवऱ्याला विचारलं होतं, काका, तुम्ही घोरता तेव्हा हवा आत जाताना आवाज येतो की बाहेर येताना? बिचारे आठवडाभर झोपायला घाबरत होते. नाव तेव्हापासून चिकटलं. ती प्राणिशास्त्राकडे वळली त्याचं खापर माझी धाकटी बहीण माझ्यावर फोडते, आणि फोडू दे, खोटं नाही ते. लहानपणी सुट्टीत तिला इथे आणून बरण्यांमधून फिरवणारी मीच.

मी या कॉलेजच्या शरीररचना संग्रहालयात तेहतीस वर्षं आहे. हुद्दा तंत्रज्ञ, पण सगळे बरणीवाल्या बाई म्हणतात. प्राणी मेला की अवयव माझ्याकडे येतात. मी ते धुते, मुरवते, मांडते, बरणीत बसवते आणि वर झाकण सील करते. फुप्फुसांचं कपाट माझं खास. सव्वीस बरण्या, सगळ्या माझ्या हातच्या. उंदराच्या डाव्या फुप्फुसाला एकच खंड असतो, कुत्र्याच्या उजव्याला चार, घोड्याचं फुप्फुस पाहिलं तर खंड जवळजवळ ओळखूच येत नाहीत. माकडाला हृदयाखाली लपलेला एक छोटासा जादा खंड असतो. चिंपांझी आणि गोरिला आपल्यासारखे, उजवीकडे तीन, डावीकडे दोन. खंड म्हणजे फुप्फुसाचे भाग, आणि दोन भागांमधली फट म्हणजे चीर. एवढं कळलं की माझं सगळं कपाट कळलं.

आता ओरांगउटान. कुठलंही चांगलं पुस्तक उघडा, त्यात लिहिलेलं असतं की या वानराच्या फुप्फुसांना खंड नसतात. दोन्ही बाजूंना एकेक सलग गोळा, चीर नाही, काही नाही. वानरांमध्ये हा एकटाच असा. आणि आमच्या एकोणीस नंबरच्या बरणीत मात्र उजवीकडे तीन, डावीकडे दोन, लख्ख चिरांसकट.

चौकशीच्या प्रबंधाचा विषयच वानरांची आणि इतर सस्तन प्राण्यांची फुप्फुसं. तिने अडीच वर्षं माझं कपाट मोजलं. बरणीच्या काचेबाहेरून, पट्टी लावून, फोटो काढून. मग तिला एकोणीस नंबर दिसला आणि तिचं चौथं प्रकरण सुरू झालं. ओरांगउटानमध्येही कधीकधी खंड पडतात, हा बघा पुरावा. आणि त्या प्रकरणापासून माझ्या डोक्याला जो ताप सुरू झाला तो काही केल्या उतरेना.

कारण त्या चिरा मी पाडल्या होत्या.

सांगते. मी तेव्हा तेवीस वर्षांची, नोकरीला दुसरं वर्ष. माझे मास्तर, ज्यांच्याकडून मी हे काम शिकले, फार कडक माणूस. एकदा का नमुना बिघडवला की महिनाभर फक्त बरण्या घासायला लावायचे. प्राणिसंग्रहालयातून ओरांगउटानची फुप्फुसं आली. या प्राण्याच्या गळ्याखाली हवेची मोठी पिशवी असते, तिच्यात पू झाला आणि ती लागण खाली छातीत उतरली, त्यात तो गेला. असल्या आजारात फुप्फुसाचे खंड एकमेकांना चिकटतात. ते सोडवणं हा आमच्या कामाचा रोजचा भाग. मास्तरांनी शिकवलेलं असं की चिकटलेली चीर बोटाने सोडवायची, पातं लावायचं नाही. बोट जातं तिथे चीर असते, बोट जात नसेल तर नसते, हात काढून घ्यायचा आणि येऊन मला विचारायचं.

माझं बोट गेलं नाही. मी विचारायला हवं होतं. पण आठवड्यापूर्वीच मी वासराचं काळीज फाडून ठेवलं होतं, आणि पुन्हा मास्तरांपुढे जायची माझी छाती नव्हती. मला वाटलं, आजार जुना आहे, फार घट्ट चिकटलंय, थोडं पात्याने मोकळं करू. वानर म्हणजे तीन आणि दोन, एवढंच मला तेव्हा ठाऊक. आदल्या वर्षी मास्तरांच्या देखरेखीखाली बसवलेल्या चिंपांझीच्या बरणीकडे बघत बघत मी चिरा शोधल्या, म्हणजे पाडल्या. आतली बाजू खडबडीत, स्पंजासारखी भोकं दिसायला लागली. खऱ्या चिरेच्या दोन्ही काठांवर पातळ चकचकीत आवरण असतं, ते कुठेच नव्हतं. मला वाटलं सोडवताना फाटलं. मग मी कोमट जिलेटिन ब्रशने आतून फासलं. फॉर्मलिनमध्ये ते कडक होतं आणि आवरणासारखं चमकतं. मास्तरांनी नमुना खिडकीपाशी नेला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "हात बसला तुझा." कार्ड त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं. दोन वर्षांत माझ्याबद्दल काढलेला तो पहिला चांगला शब्द.

तीन वर्षांनी ग्रंथालयात वानरांचा मोठा सचित्र ग्रंथ आला, त्यात ते चित्र होतं. सलग गोळा. मी ते पान मिटलं आणि पुढची अठ्ठावीस वर्षं मूग गिळून बसले. मास्तर वारले. मुलं येत, बरण्यांपुढून पळत जात, कोण वाचतंय कार्ड? आमच्याकडे गुरंढोरं आणि कुत्री शिकवतात, ओरांगउटानवर परीक्षेत अर्धा गुणसुद्धा नाही. मी म्हटलं, राहू दे. जायची माझ्याबरोबर ती बरणी अडगळीत.

आणि मग माझ्याच रक्ताची चौकशी पट्टी घेऊन त्या बरणीपुढे येऊन उभी राहिली.

मी काय काय नाही केलं. पहिल्यांदा म्हटलं, अगं, जुना नमुना आहे, ओरांगउटानचाच आहे कशावरून? कार्ड बदललं असेल. ती चार दिवस आवक विभागातल्या जुन्या नोंदवह्या उपसत बसली, आणि तारीख, प्राण्याचं लिंग, मृत्यूचं कारण असं सगळं शोधून आली. वर त्याच नंबरची कवटी हाडांच्या खोलीत सापडली, ओरांगउटानची, शंकाच नको. मग मी म्हटलं, एकाच नमुन्यावर प्रकरण उभं करू नये बाई. तर तिने तीन देशांच्या संग्रहालयांना पत्रं पाठवली. तिकडून उत्तरं आली की आमच्याकडचे सगळे सलग आहेत, तुमचा नमुना फारच वेगळा दिसतोय, फोटो पाठवा. मी जितकी पाचर मारायला जावं तितकं तिचं प्रकरण भक्कम होत होतं. शेवटी मी बहिणीला फोन केला, म्हटलं, पोरीला जरा सांग, चौथं प्रकरण काढून टाक, प्रबंध तसाही जाड झालाय. बहीण म्हणाली, "तूच सांग ना, तुझं ऐकते ती." माझं ऐकते. तिथेच तर घोडं अडलं होतं.

आणि तिचे गाईड सर. या माणसाला काचेवर पेनाचं टोपण वाजवायची खोड आहे. तेहतीस वर्षं मी काचा पुसतेय, आणि हे येऊन टक टक. त्यांना चौथं प्रकरण वाचून इतका आनंद झाला की त्यांनी एकोणीस नंबरचा फोटो कॉलेजच्या वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठावर घ्यायचं ठरवलं.

"बाई, तुमच्या हातात जादू आहे," ते म्हणाले. टक टक.

"काच फुटेल सर," मी म्हटलं.

"आणि बाहेरून परीक्षक कोण येतायत माहिती आहे? वानरांच्या श्वसनसंस्थेवर सगळी हयात घालवलेल्या मॅडम आहेत. त्या ही बरणी बघायला मुद्दाम तोंडी परीक्षेच्या एक दिवस आधी येणार आहेत."

त्या बाईला मायक्रोस्कोपची गरज नव्हती. त्या बरणी उजेडात धरणार, चिरेत डोकावणार, आणि दहा सेकंदांत विचारणार की हे जिलेटिन कुणी लावलं. आणि समोर उभी असणार माझी भाची, एकशे चाळीस पानं हातात घेऊन. पाच वर्षांची मेहनत. खोटा नमुना ओळखता आला नाही असा शिक्का कपाळावर. तो काय पुसला जातो?

सोमवारी प्रबंध छपाईला जाणार होता. शुक्रवारी सकाळी मी एकोणीस नंबर कपाटातून काढला, टेबलावर ठेवला, तिला बोलावून घेतलं आणि संग्रहालयाचं दार आतून लावलं.

"मंजूर," मी म्हटलं.

"काय झालं? परवापर्यंत तर नियम होता."

"नियम गेला खड्ड्यात. मोजे घाल."

मी सील कापलं. झाकण निघता निघत नव्हतं, माझंच काम, एकतीस वर्षं टिकलेलं. फुप्फुसं ताटात काढली. ती इतकी खूश होती की मला तिच्याकडे बघवेना. तिने पातं उचललं, तसं मी म्हटलं, "आधी बोट घाल."

तिने वरच्या चिरेत बोट घातलं, हळू, मी शिकवलं होतं तसं. बोट आत गेलं आणि थांबलं. तिने कपाळाला आठ्या घातल्या. बोट बाहेर काढलं, मोज्यावर एक पारदर्शक पापुद्रा आला होता. तिने तो दोन बोटांत चोळला.

"हे आवरण नाही," ती म्हणाली.

"नाही."

"जिलेटिन आहे."

"हो."

मग तिने तुकडा कापला, तसाच नखाएवढा, आणि भिंगाखाली धरला. मी सांगायला सुरुवात केली. वासराचं काळीज, मास्तर, न गेलेलं बोट, ग्रंथातलं चित्र, सगळं. माझं बोलणं मध्येच अडखळत होतं आणि माझाच मला राग येत होता, की एवढं साधं सांगायला एकतीस वर्षं लागली. ती भिंगातून डोळा काढायला तयार नव्हती.

"तू तेवीस वर्षांची होतीस," ती शेवटी म्हणाली. "ते जाऊ दे. कुणीही चुकतं." मग तिने भिंग खाली ठेवलं. "मी तीन वेळा मागितलं होतं."

ताटाच्या कडेला सांडलेलं फॉर्मलिन मी फडक्याने पुसायला लागले.

"तीन वेळा लेखी मागितलं. पहिल्यांदा मागितलं तेव्हा दोन वर्षं हातात होती. तू प्रत्येक वेळी सही केलीस, नामंजूर म्हणून. मला बोलली असतीस तर मी दुसऱ्या दिवशी ते प्रकरण फाडलं असतं आणि तुला कुणी काही बोललं नसतं."

"तुला काय वाटेल म्हणून..."

"मला काय वाटेल," ती म्हणाली. तिने मोजे काढले, उलटे करून कचऱ्यात टाकले आणि दार उघडून गेली. रागावून आपटलंही नाही दार. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं मला.

सरांना तिनेच सांगितलं. ते पळत आले, टोपण वाजवायला विसरले. ताटात पडलेली फुप्फुसं पाहिली आणि खुर्चीत बसले. मग त्यांचं डोकं चालू झालं. चौथं प्रकरण गुपचूप काढून टाकायचं, बरणी दुरुस्तीला गेली म्हणून सांगायचं, मुखपृष्ठावर हत्ती घ्यायचा. सोमवारची तारीखही चुकणार नाही. मला वाटलं, सुटलो. खरं सांगते, त्या क्षणी मला तो टोपणवाला माणूस देवासारखा वाटला.

"नाही," चौकशी म्हणाली. "बाकीच्या प्रकरणांतली मापंही याच कपाटातली आहेत सर."

"मग?"

"मग ती खरी आहेत हे मला कुठे माहीत आहे?"

सर माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडे.

"बाकीच्यांना मी हात लावलेला नाही," मी म्हटलं. "एकालाही नाही. तो एकच होता."

"असेल," ती म्हणाली. "ते मी बघितल्यावर लिहीन."

सोमवारी प्रबंध छपाईला गेला नाही. तिने सहा महिन्यांची मुदतवाढ मागितली, आणि मुदतवाढीच्या कागदावर कारणाच्या रकान्यात जे घडलं ते जसंच्या तसं लिहिलं, माझ्या हुद्द्यासकट. बाहेरच्या मॅडमनाही तेच पत्र गेलं. बहिणीने मला फोन केला, 'ताई' एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला. आमच्या ह्यांनी रविवारी दोनदा दारात जाऊन पाहिलं, ती आली का म्हणून. ती आली नाही. माझी उशी माझ्याकडेच राहिली आणि मला झोप लागेना.

पुढच्या गुरुवारी माझ्या टेबलावर चौथा अर्ज होता. वर 'प्रति', खाली 'आपली विश्वासू', मजकूर दोन ओळींचा. फुप्फुसांच्या उरलेल्या पंचवीसही बरण्या उघडून प्रत्येक चिरेचा तुकडा घेण्याची परवानगी मिळावी.

पंचवीस. एकेका बरणीला मी दोन दोन महिने दिलेले. गिबनची फुप्फुसं इतकी नाजूक की ती मांडताना मी श्वास रोखून धरायचे. माकडाचा तो हृदयाखालचा खंड बाहेरून दिसावा म्हणून मी काचेची कमान करून घेतली होती. या सगळ्यांना आता पातं लागणार. एकदा उघडलेला जुना नमुना पुन्हा तसा बसत नाही, रंग जातो, कडा वळतात. मी निवृत्त होईन तेव्हा मागे काय राहील, तर कुरतडलेल्या फुप्फुसांचं कपाट. आणि तेही माझ्याच हाताने. इतकी चिडले होते मी तिच्यावर, मास्तरांवर, त्या मेलेल्या ओरांगउटानवर, की अर्ज फाडायला उचलला होता.

मग तिच्या तीन जुन्या अर्जांवरच्या माझ्या तीन सह्या आठवल्या. मी 'मंजूर' लिहिलं.

आम्ही त्याच दुपारी सुरू केलं. ती टेबलाच्या पलीकडे, मी अलीकडे. कामापुरतं बोलत होतो. ती मला बाई म्हणत होती, विभागातले सगळे म्हणतात तसं, आणि मी तिला काहीच म्हणत नव्हते. पहिली बरणी गिबनची. मी सील कापलं, झाकण काढलं, फुप्फुसं ताटात घेतली. ताट टेबलाच्या काठावर आदळलं, तसं तिने ते स्वतःकडे ओढून घेतलं.

तिने चिरेत बोट घातलं. बोट आतपर्यंत गेलं, अलगद, कुठेही न अडता. मग तिने नखाएवढा तुकडा कापला आणि भिंगाखाली धरला. मी कपाटाकडे तोंड करून उभी राहिले. मला ठाऊक होतं तिथे काय असणार, माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी जीव टांगणीला लागला होता.

"दोन्ही काठांवर आवरण आहे," ती म्हणाली. "खरी आहे."

तिने वहीत लिहिलं. मी गिबनचं कार्ड काढून बाजूला ठेवलं. बिघडलेला तो काठ मागे वळवून फुप्फुसं पुन्हा बरणीत बसवायचा प्रयत्न केला, पण बसेनात.

"राहू दे," ती वहीतून वर न बघता म्हणाली. "मी धरते नंतर. पुढची दे, मावशी."

मी चिंपांझीची बरणी उचलली आणि तिच्यासमोर ठेवली.